थॉमस स्टीफन्स

थॉमस स्टीफन्स (जन्म : इ.स. १५४९ च्या सुमारास, विल्टशायर, इंग्लंड. मृत्यू : इ.स. १६१९, गोवा) हे जेझुइट धर्मगुरू, मराठी कवी आणि कोकणी भाषेचे आद्य व्याकरणकार होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते ‘फादर स्टीफन्स’ या नावाने ओळखले जातात. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचे नाव ‘पाद्रे तोमाझ इस्तेव्हांव’ असे आढळते. बायबलमधील कथाभाग मराठी ओवीत सांगणारा ‘ख्रिस्तपुराण’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. तो इ.स. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापला गेला.

भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणूनही स्टीफन्स यांचा उल्लेख केला जातो. त्यांनी आयुष्यातील सुमारे ४० वर्षे गोव्यात, मुख्यतः सासष्टी प्रांतात घालवली. रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घरोघरी ख्रिस्तपुराणाचे वाचन होत असे. या वाचनपरंपरेमुळे छापील प्रती नष्ट झाल्यावरही हा ग्रंथ टिकून राहिला.

जन्म आणि शिक्षण

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी झाला. त्यांचे वडील, त्यांचेही नाव थॉमस, हे लंडनमधील व्यापारी होते. स्टीफन्स यांचे शालेय शिक्षण विंचेस्टर येथील प्रसिद्ध विद्यालयात झाले. लॅटिन भाषा आणि अभिजात साहित्य यांचा पाया तेथे घातला गेला.

राणी एलिझाबेथ पहिली हिच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथीयांवर कडक निर्बंध होते. मिस्सा साजरी करणे व धर्मगुरूंना आश्रय देणे यांसाठी शिक्षा होत असे. या काळात स्टीफन्स यांचा थॉमस पाऊंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी स्नेह जुळला. ओळख लपविण्यासाठी स्टीफन्स काही काळ पाऊंड यांचे सेवक म्हणून वावरले. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात प्रवेश करण्याचे ठरवले होते. परंतु प्रस्थानापूर्वीच पाऊंड यांना अटक झाली आणि पुढील सुमारे ३० वर्षे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी तेथील संत आंद्रेया नवदीक्षागृहात प्रवेश घेतला आणि पुढे रोमन कॉलेजमध्ये अध्ययन केले. तुरुंगात असलेल्या पाऊंड यांना संघात दाखल करून घ्यावे, अशी विनंतीही त्यांनी इ.स. १५७८ मध्ये वरिष्ठांकडे केली आणि ती मान्य झाली.

भारताकडे प्रवास

पूर्वेकडील धर्मप्रांतात काम करण्याच्या इच्छेने स्टीफन्स लिस्बनला आले. ४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांच्या ताफ्यातून त्यांनी लिस्बन सोडले व केप ऑफ गुड होपला वळसा घालून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. १० नोव्हेंबर रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या सहा महिन्यांहून अधिक काळाच्या प्रवासाचे, वाऱ्यांचे, समुद्रातील जीवांचे व जहाजावरील आजारांचे तपशीलवार वर्णन केले. हे पत्र पुढे रिचर्ड हॅक्लूट यांनी आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले. भारताच्या सागरी मार्गाविषयी इंग्लंडमध्ये उत्सुकता वाढत असतानाच्या काळातील हा महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो.

गोव्यात आल्यावर इ.स. १५८० मध्ये स्टीफन्स यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांची नेमणूक मांडवीच्या तीरावरील राजधानीपासून दूर, दक्षिणेकडील सासष्टीत झाली.

सासष्टीतील कार्य

सासष्टी हा प्रांत इ.स. १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात आला होता. बारदेश प्रांत फ्रान्सिस्कन संघाकडे आणि सासष्टी जेझुइट संघाकडे धर्मप्रसारासाठी सोपविण्यात आली. गोव्यात इ.स. १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. इ.स. १५६७ मध्ये सासष्टीतील अनेक मंदिरे पाडण्यात आली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा अशा दैवतांना भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेले. काही कुटुंबांनी देवांसह स्थलांतर केले, तर मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी नवा धर्म स्वीकारला. स्टीफन्स ज्या समाजात काम करण्यासाठी आले, तो अशा उलथापालथीतून नुकताच गेला होता.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी रोदोल्फो आक्वाव्हीवा यांच्यासह पाच जेझुइटांना व त्यांच्या सोबतच्या काही लोकांना ठार केले. मंदिरांचा विध्वंस आणि सक्ती यांविरुद्धचा हा उठाव होता. पुढे पोर्तुगीजांनी बोलणी करण्यासाठी म्हणून कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणे येथे बोलावले आणि त्यांची हत्या केली. मारल्या गेलेल्या जेझुइटांचे मृतदेह मिळवून त्यांचा अंत्यविधी करण्याच्या कामी स्टीफन्स यांचा सहभाग होता. या प्रसंगाचे वृत्त त्यांनी २४ ऑक्टोबर १५८३ रोजी भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या लॅटिन पत्रात दिले आहे. त्याच पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण त्यांनी नोंदवले. भारतीय व युरोपीय भाषांतील साम्याविषयी विल्यम जोन्स यांनी मांडलेल्या प्रसिद्ध विचाराच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा हा उल्लेख आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आदी इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून स्टीफन्स यांनी प्रयत्न केले. त्यानंतरच्या काळात त्यांनी मडगाव, रायतूर व सासष्टीतील अन्य गावांत धर्मगुरू म्हणून काम पाहिले आणि सासष्टीतील जेझुइट महाविद्यालयाचे प्रमुखपदही सांभाळले.

ख्रिस्तपुराणाची पार्श्वभूमी

धर्मांतरापूर्वी या लोकांचे धार्मिक जीवन पुराणश्रवण, कीर्तन व उत्सव यांनी भरलेले होते. सणाच्या तिथीला त्या सणाची कथा ऐकणे ही रूढ पद्धत होती. गोव्यात बोलण्याची भाषा कोकणी असली, तरी पुराणकथा व भक्तिकाव्य मराठीत वाचले जाई. केळशीच्या कृष्णदास शामा यांचे कृष्णचरित्रपर मराठी काव्य इ.स. १५२६ मधील आहे. धर्मांतरानंतर हिंदू ग्रंथ बाळगण्यास व वाचण्यास मनाई झाली. जेझुइटांनी अशा ग्रंथांपैकी काहींचे लिप्यंतर करून त्यांचा अभ्यास केला. रोमन लिपीतील अशी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथे जतन झाली आहेत.

जुने श्रवण थांबले, पण त्याची जागा घेणारे काही मिळाले नाही. चर्चमधील मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. बायबलचे वाचनही लॅटिनमध्येच होई. लोकांना स्थानिक भाषेत शिकवली जाई ती प्रामुख्याने ‘दोत्रीन’, म्हणजे प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण व प्रार्थना. ही उणीव स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणाच्या प्रारंभीच एका प्रसंगातून मांडली आहे. रविवारी मुलांना दोत्रीन शिकवली जात असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचण्यासाठी दुसरे पुराण का देत नाही. या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढील संपूर्ण ग्रंथ सांगितला जातो. श्रोत्याने प्रश्न विचारायचा आणि वक्त्याने कथा सांगायची, ही मांडणी पुराणांतूनच घेतलेली आहे.

रचना आणि आशय

मूळ ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षक ‘तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे प्रवचन’ या अर्थाचे होते. ‘ख्रिस्तपुराण’ हे नाव पुढे रूढ झाले. ग्रंथाचे दोन भाग असून त्यांना ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ असे म्हणतात. अध्यायाला ‘अवस्वरू’ ही संज्ञा वापरलेली आहे. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ असे एकूण ९५ अवस्वरू आहेत. ओव्यांची एकूण संख्या साधारणपणे १०,९६२ मानली जाते.

पहिले पुराण बायबलच्या जुन्या करारावर आधारलेले आहे. विश्वाची उत्पत्ती, आदाम व एवा यांचे पतन, नोहाच्या काळचा जलप्रलय, अब्राहाम, योसेफ व मोशे यांच्या कथा, दावीद व शलमोन यांची राज्ये, इस्राएलींचा बंदिवास आणि संदेष्ट्यांची भविष्यवाणी असा त्याचा विस्तार आहे. तारणारा येणार, ही अपेक्षा या भागातील सर्व कथांना एकत्र बांधते. दुसऱ्या पुराणात ती अपेक्षा पूर्ण होते. मारियेला देवदूताने दिलेला निरोप, येशूचा जन्म, पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांची भेट, इजिप्तकडे पलायन, अरण्यातील उपवास, डोंगरावरील प्रवचन, दृष्टान्त व चमत्कार, यरुशलेममधील प्रवेश, शेवटचे भोजन, दुःखसहन व क्रुसावरील मृत्यू, पुनरुत्थान, स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचे आगमन असे प्रसंग क्रमाने येतात.

हे बायबलचे शब्दशः भाषांतर नाही. चारही शुभवर्तमानांतील प्रसंग जुळवून स्टीफन्स यांनी एकच सलग कथा तयार केली आहे. ठिकठिकाणी कथा थांबवून श्रोत्यांच्या शंका, त्यांचे निरसन आणि उपदेश यांना जागा दिली आहे. हिंदू देवदेवता व मूर्तिपूजा यांवर केलेली टीकाही ग्रंथात आहे. काव्यरूपाने मराठी परंपरेच्या जवळ असलेला हा ग्रंथ मताच्या बाबतीत मात्र ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतरच्या कॅथलिक शिकवणीला धरून आहे.

ख्रिस्ती वर्ष आणि ग्रंथाचे वाचन

कॅथलिक उपासनेचे वर्ष ख्रिस्ताच्या जीवनातील घटनांनुसार आखलेले असते. नाताळपूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ होय. त्यानंतर नाताळ व ज्ञानी पुरुषांच्या भेटीचा सण येतो. राखेच्या बुधवारी ४० दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. झावळ्यांच्या रविवारपासून पवित्र सप्ताह पाळला जातो व त्याची परिणती पुनरुत्थानाच्या सणात, म्हणजे ईस्टरमध्ये होते. पुढे स्वर्गारोहण व पेन्टेकॉस्ट हे सण येतात. इ.स. १५७० मध्ये पोप पायस पाचवे यांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन मिस्सापुस्तकाने प्रत्येक रविवारी व सणाला कोणता उतारा वाचायचा हे जवळजवळ सर्वत्र एकसारखे ठरवून दिले. उदाहरणार्थ, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी येशूच्या अरण्यातील परीक्षेचा, तर झावळ्यांच्या रविवारी मत्तयकृत शुभवर्तमानातील दुःखसहनाचा भाग वाचला जाई. धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेत उपवासकाळापूर्वीच्या तिसऱ्या रविवारपासून उत्पत्तीच्या पुस्तकाचे वाचन सुरू होत असे.

सासष्टीतील सामान्य श्रोत्याला हे लॅटिन वाचन समजणे शक्य नव्हते. रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सेनंतर चर्चमध्ये ख्रिस्तपुराण वाचण्याची पद्धत पडली, तेव्हा त्याच प्रसंगांची कथा लोकांना परिचित छंदात ऐकता येऊ लागली. उत्पत्ती व पतन, आगमनाची प्रतीक्षा, जन्म, उपवास, दुःखसहन व पुनरुत्थान हा ग्रंथाचा क्रम ख्रिस्ती वर्षाच्या आशयाशी सहज जुळणारा होता. उपवासकाळात दुःखसहनाचे अवस्वरू गाण्याची प्रथा विशेष दृढ झाली. पूर्वी ज्याप्रमाणे ठरावीक तिथीला ठरावीक कथा ऐकली जाई, त्याचप्रमाणे आता नव्या धर्माच्या पंचांगाला धरून नवी कथा ऐकली जाऊ लागली.

मराठीत बायबलचे छापील भाषांतर तोवर झालेले नव्हते. विल्यम केरी यांनी सेरामपूर येथून नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले ते इ.स. १८११ मध्ये, म्हणजे ख्रिस्तपुराणानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. तोपर्यंत कोकणपट्टीतील ख्रिस्ती लोकांना बायबलचा विस्तृत परिचय करून देणारा प्रमुख ग्रंथ ख्रिस्तपुराण हाच होता.

भाषा आणि छंद

ख्रिस्तपुराणाची भाषा मराठी असून तिच्यात गोव्यातील कोकणीचे मिश्रण आहे. याचे कारण स्टीफन्स यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. जुन्या कवींचे अनेक मराठी शब्द सामान्य लोकांना समजत नसल्यामुळे त्यांच्या जागी लोकांच्या बोलण्यातील सोपे शब्द आपण घातले, असे त्यांचे म्हणणे आहे. पहिल्या अवस्वरूतील त्यांची मराठीची स्तुती मराठी वाचकांत विशेष प्रसिद्ध आहे. रत्ने, फुले, सुगंध, वृक्ष व पक्षी यांच्या उपमांची मालिका गुंफून त्यांनी तेथे मराठीचे इतर भाषांमधील श्रेष्ठत्व वर्णिले आहे.

ख्रिस्ती संकल्पनांसाठी त्यांनी दोन मार्ग अवलंबिले. स्वर्गासाठी वैकुंठ, तसेच मोक्ष, मुक्ती, परमेश्वर, स्वामी असे श्रोत्यांच्या परिचयाचे शब्द त्यांनी नव्या अर्थाने वापरले. जेथे अर्थाचा घोटाळा होण्याचा संभव होता, तेथे बाप्तिस्मा, स्पिरीत सांत (पवित्र आत्मा) यांसारख्या लॅटिन-पोर्तुगीज संज्ञा मराठी वळणाने घेतल्या.

ग्रंथाचा छंद ओवी हा आहे. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड चरण, हे तिचे रूप मराठी संतकवींनी घडविले होते. ओवीबद्ध मराठी तत्त्वग्रंथांच्या परंपरेचा आरंभ मराठवाड्यात झाल्याचे मानले जाते. मुकुंदराज यांचा ‘विवेकसिंधु’ (इ.स. ११८८) हा ग्रंथ या परंपरेत आद्य समजला जातो आणि त्यांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दाखविली जाते. गोदावरीकाठच्या पैठणचे संत एकनाथ (इ.स. १५३३–१५९९) यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील ओवीबद्ध टीका इ.स. १५७३ मध्ये पूर्ण केली. अंबाजोगाईचे दासोपंत (इ.स. १५५१–१६१५) हे तर स्टीफन्स यांचे जवळजवळ समवयस्क होते. त्यांचा ‘गीतार्णव’ हा गीतेवरील प्रचंड ग्रंथ आणि कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ याच काळातील आहेत. संस्कृतातील धर्मज्ञान लोकभाषेत आणण्याचे काम मराठवाड्यात चालू असताना लॅटिनमधील धर्मकथा त्याच छंदात आणण्याचे काम सासष्टीत होत होते. एकनाथ व ज्ञानेश्वर यांच्या रचनांचा स्टीफन्स यांच्या शैलीवर प्रभाव असल्याचे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

मुद्रण

भारतातील पहिला छापखाना इ.स. १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला होता, परंतु तेथे देवनागरी खिळे नव्हते. स्थानिक भाषेतील पुस्तके त्याच भाषेच्या लिपीत छापली जावीत, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी रोममधील संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती व्यक्त केली. या लिपीत प्रत्येक अक्षर स्वरासह येत असल्यामुळे सुमारे ६०० साचे तयार करावे लागतील, आणि हीच मुख्य अडचण असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले होते. ही योजना प्रत्यक्षात आली नाही.

त्यामुळे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापावे लागले. त्यासाठी मूर्धन्य वर्ण दाखविण्यास दुहेरी अक्षरे आणि अनुनासिक दाखविण्यास अक्षरावर चिन्ह अशी लेखनपद्धती योजण्यात आली. पहिली आवृत्ती इ.स. १६१६ मध्ये रायतूर येथील जेझुइट महाविद्यालयात छापली गेली. लेखकाच्या मृत्यूनंतर इ.स. १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीनही आवृत्त्यांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत.

अन्य ग्रंथ

स्टीफन्स यांची आणखी दोन पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर रायतूर येथेच प्रसिद्ध झाली. ‘दोत्रीना क्रिस्तां’ (इ.स. १६२२) हे गुरू व शिष्य यांच्या संवादाच्या रूपातील कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक आहे. ते मार्कुस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकाच्या आधारे रचलेले असून जुन्या कोकणी गद्याचा महत्त्वाचा नमुना म्हणून त्याचा अभ्यास होतो. ‘आर्त द लिंग्व कानारीं’ (इ.स. १६४०) हे पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण होय. दियोगु रिबेरु या जेझुइटाने त्यात भर घालून ते प्रसिद्ध केले. आधुनिक भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील पहिले व्याकरण म्हणून त्याचा गौरव केला जातो.

स्टीफन्स यांच्या पाठोपाठ एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पेत्राच्या जीवनावर मराठी ओवीबद्ध पुराण रचले. इ.स. १६२९ ते १६३४ या काळात ते गोव्यात छापले गेले.

मृत्यू

इ.स. १६१९ मध्ये वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. इंग्लंड सोडल्यानंतर ते मायदेशी परत गेले नाहीत.

भाषाबंदी आणि ग्रंथाचे जतन

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेचे स्थानिक भाषांविषयीचे धोरण कठोर झाले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर यांनी हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मावले. हा हुकूम पूर्णपणे अमलात आला नाही, तरी स्थानिक भाषांतील धार्मिक लेखनाला मिळणारा आश्रय संपला. हिंदू पुराणांच्या जागी देण्यासाठी लिहिलेले पुराणही या धोरणामुळे अडचणीत आले. इ.स. १६५४ नंतर अडीचशे वर्षे ख्रिस्तपुराण पुन्हा छापले गेले नाही.

या काळात ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून व पाठांतरातून. सतराव्या व अठराव्या शतकांत गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे कानडा प्रांतात, मंगळूरच्या परिसरात जाऊन स्थायिक झाली. त्यांच्याबरोबर ख्रिस्तपुराणाच्या हाताने उतरवलेल्या प्रतीही गेल्या. इ.स. १७८४ च्या फेब्रुवारीत टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. ही अटक राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी झाली, असे परंपरा सांगते. इ.स. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव होईपर्यंत चाललेल्या या बंदिवासात लोकांनी ख्रिस्तपुराणाच्या ओव्या गाऊन आपला धर्म जपला, अशी आठवण मंगळूरच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. धर्मगुरू व उपासना यांना पारखे झालेल्या समाजाला वर्षाचे सण आठवणीत ठेवण्यास या पाठांतराने आधार दिला असावा. उपवासकाळात ख्रिस्तपुराण गाण्याची प्रथा कोकणातील काही गावांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालू होती.

पुनर्शोध आणि आवृत्त्या

इ.स. १९०७ मध्ये जोसेफ एल. सालढाणा यांनी मंगळूर येथून ख्रिस्तपुराणाची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. ती रोमन लिपीत असून घराघरांतून मिळालेल्या हस्तलिखितांवर आधारलेली आहे. तिला जोडलेल्या विस्तृत चरित्रात्मक प्रस्तावनेमुळे स्टीफन्स यांच्या आधुनिक अभ्यासाला सुरुवात झाली.

इ.स. १९२० च्या दशकात जस्टिन ई. ॲबट या अमेरिकन मिशनऱ्यांना लंडनमधील प्राच्यविद्या संस्थेत, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात, ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. त्यामुळे हा ग्रंथ मूळ देवनागरीत लिहिला गेला की रोमन लिपीत, याविषयी अभ्यासकांत चर्चा सुरू झाली. या हस्तलिखितात काही ठिकाणी लॅटिन-पोर्तुगीज संज्ञांऐवजी संस्कृत शब्द आढळतात. ॲबट हे मराठी संतसाहित्याचे व्यासंगी भाषांतरकार होते. एकनाथ व अंबाजोगाईचे दासोपंत यांची चरित्रे त्यांनी याच सुमारास इंग्रजीत आणली.

इ.स. १९५६ मध्ये प्रा. शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि महाराष्ट्रातील वाचकांना हा ग्रंथ प्रथमच आपल्या लिपीत सहज वाचता आला. इ.स. १९९६ मध्ये फादर कॅरिडाड द्रागो यांची संपादित देवनागरी आवृत्ती निघाली. इ.स. २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी मराठी गद्य रूपांतरासह ग्रंथ उपलब्ध करून दिला. पुढे त्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही केले.

मूल्यमापन

परकीय भाषकाने मराठीत इतक्या विस्ताराची व काव्यगुणांनी युक्त अशी रचना करावी, याचे कौतुक मराठी समीक्षकांनी वारंवार केले आहे. महाराष्ट्रातील शालेय व विद्यापीठीय अभ्यासात स्टीफन्स यांचा परिचय मुख्यतः मराठीची स्तुती करणारे कवी म्हणून होतो. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांच्या इतिहासात त्यांना स्थान आहे. गोव्यात पर्वरी येथील कोकणी भाषेच्या संशोधन संस्थेला ‘थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र’ असे त्यांचे नाव दिलेले आहे.

त्यांच्या कार्याकडे अलीकडील अभ्यासक दोन्ही अंगांनी पाहतात. ज्या धर्मसत्तेने लोकांची पुराणे बंद केली, तिचेच स्टीफन्स प्रतिनिधी होते आणि त्यांच्या ग्रंथाचा उद्देश धर्मप्रसार हाच होता. त्याच वेळी पुराणे काढून घेतल्याने श्रोत्यांच्या जीवनात निर्माण झालेली पोकळी त्यांनी ओळखली आणि ती त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात भरून काढली. राज्यसत्तेने पुढे स्थानिक भाषेचा आश्रय काढून घेतल्यावर हा ग्रंथ जपला तो या श्रोत्यांच्या वंशजांनीच. उपवासकाळाच्या संध्याकाळी घरात बसून तो गाणाऱ्या कुटुंबांच्या वह्यांतूनच विसाव्या शतकातील संपादकांपर्यंत ख्रिस्तपुराणाचा पाठ पोहोचला.